मॅडमची सिद्धता आणि वऱ्हाडातली बोंडं

कापसाच्या बोंडातली गुलाबी अळी मी तीन वर्षं रोज पाहत होते. कापसाचं झाड मात्र पहिल्यांदा पाहिलं ते मागच्या महिन्यात, बुलढाणा जिल्ह्यात, उंद्रीच्या शिवारात. आमच्याकडे दाभोळच्या खाडीकाठी कापूस म्हणजे देवाच्या वातींचा पुडा. तो झाडावर कसा लागतो, त्याला तिकडे पराटी म्हणतात, ती माझ्या खांद्याला लागेल एवढी वाढते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आधी माझं काम सांगते, म्हणजे मी तिकडे कशाला गेले ते कळेल. माझी शाळा सातवीनंतर सुटली. घरी मासळी सुकवायला हात कमी होते. लग्नानंतर पुण्याला आले आणि एका संस्थेत झाडलोट आणि चहा करायला लागले. तिथे कॉम्प्युटरवर संशोधन चालायचं. जिन्याखालच्या लहान खोलीत वैजयंती मॅडम बसायच्या. एकदा मी दुपारी डब्यासाठीचे तांदूळ निवडत बसले होते, तर त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, इतका बारीक खडा तुम्हाला इतक्या लांबून दिसतो? मी घाबरले, वाटलं कामाच्या वेळेत तांदूळ निवडते म्हणून बोलणी बसणार. त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर फोडलेल्या बोंडाचा फोटो. जिथे अळी दिसेल तिथे चौकोन काढायचा. असे हजारो चौकोन पाहून कॉम्प्युटर स्वतः अळी ओळखायला शिकतो, असं त्यांनी सांगितलं. माऊस कसा धरायचा तेही मला माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः चार दिवस माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. आज माझ्या पगारपत्रकावर झाडूवाली असं नाही, चित्रनोंदणी असं लिहिलेलं आहे. म्हणून मॅडम वऱ्हाडात चला म्हणाल्या तेव्हा मी कुठे, किती दिवस, काही न विचारता हो म्हटलं आणि मग तीन रात्री झोपले नाही.

उंद्री

चिखलीहून जीप उंद्रीच्या रस्त्याला लागली तसं दोन्ही बाजूंना सपाट शिवार सुरू झालं. आमच्याकडे नजर टाकली की डोंगर तरी आडवा येतो नाही तर समुद्र तरी. इथे नजरेला अडवायला काहीच नाही. माती काळीभोर. मला आधी वाटलं कुठे जाळपोळ झाली आहे. आमची माती तांबडी, पाऊस गेला की पायाला चिकटत नाही. या मातीने पहिल्याच दिवशी माझी चप्पल खाल्ली. स्प्रिंकलरने भिजलेल्या वावरात पाय ठेवला आणि उचलला तेव्हा पाय आला, चप्पल आली नाही. वावर म्हणजे शेत, हे त्याच दिवशी शिकले.

जीप चालवणारे सुधाकरभाऊ त्याच गावचे, स्वतःची तीन एकर पराटी असलेले. मला हात देऊन वर ओढत म्हणाले, "जमिनीनं ठेवून घेतलं ताई तुमाले. आता राह्यल्याशिवाय उपाय नाही."

सगळी वाट ते मॅडमना प्रश्न विचारत होते. एवढ्या शिकलेल्या बाईला असं विचारावं का म्हणून मी मागे बसून अंग चोरत होते, पण मॅडम आनंदाने बोलत होत्या. तीन वर्षांत मला जे माहीत नव्हतं ते मला त्या जीपमध्ये कळलं.

त्या मुळात गणिताच्या. तरुणपणी परदेशात जाऊन त्यांनी जो विषय घेतला त्यात प्रोग्राम चालवून पाहत नाहीत, तो चुकूच शकत नाही असं कागदावर सिद्ध करतात. रेल्वेच्या सिग्नलचं पहिलं काम केलं. दोन गाड्यांना एकाच रुळावर हिरवा दिवा कधीच मिळणार नाही, हे सिद्ध करायला त्यांना दोन वर्षं लागली. परत आल्या तेव्हा सगळीकडे आपोआप शिकणाऱ्या कॉम्प्युटरचं वारं. त्या लोकांना मोठी थंडगार खोली मिळाली, मॅडमना जिन्याखालची. ते म्हणायचे, आमचं यंत्र शंभरात इतक्या वेळा बरोबर येतं, तुमची सिद्धता कशाला हवी? आणि मॅडमच्या जुन्या विषयातले लोक म्हणायचे, शिकणाऱ्या यंत्राची सिद्धता होतच नसते, तुम्ही वाट चुकलात. दोन्हीकडच्या परिषदांत जेवणाच्या वेळी कोणत्या टेबलावर बसावं कळायचं नाही, असं त्या हसत म्हणाल्या. बढती दोनदा राहिली. तरी सहा वर्षं त्या एकाच गोष्टीच्या मागे होत्या: बोंडात अळी असताना हे यंत्र "अळी नाही" असं कधीही म्हणणार नाही, हे सिद्ध करायचं.

सुधाकरभाऊंनी गाडी हळू केली. म्हणाले की आधी हे बीटी बियाणं आलं तेव्हा अळी पान खाऊन मरायची, आम्ही फवारणीचा पंप माळ्यावर टाकला होता. आता अळीला त्या विषाची सवय झाली, आणि ती बोंडाच्या आत शिरून दार लावून घेते. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सरकी खाऊन बसलेली. कोणी म्हणतं फवार, कोणी म्हणतं नको, कोणी म्हणतं उपटून टाक. "मंग तुमचं यंत्र काय म्हनते मॅडम?"

मॅडमनी सांगितलं की यंत्राची तीन उत्तरं आहेत. अळी आहे. अळी नाही. आणि सांगता येत नाही. तिसऱ्या उत्तराचा त्यांना फार अभिमान. थंडगार खोलीतले लोक म्हणाले होते, मला माहीत नाही म्हणणारं यंत्र कोण घेईल?

"हे तिसरं बटण," सुधाकरभाऊ म्हणाले, "आमच्या पुढाऱ्याइले बसवून द्या. फुकट नका देऊ, आमी वर्गणी काढतो."

काम साधं होतं. गावातल्या बायकांनी वावरात फिरून वीस हिरवी बोंडं आणायची. ती फोडलेली, मोबाइलने एकेकाचा फोटो. यंत्र उत्तर देणार, आणि त्या वीस बोंडांवरून सगळ्या वावराचं ठरणार. मग मी त्याच बोंडांकडे माझ्या डोळ्यांनी बघून वेगळ्या वहीत लिहिणार. यंत्राचं आणि माझं जुळलं पाहिजे. असं तीन गावांत जुळलं की मॅडम सही करणार, आणि पुढच्या वेचणीच्या आत तो प्रोग्राम जिल्ह्यातल्या गावागावांत मोबाइलवर जाणार. त्या सहीची वाट पाहणारं जिल्ह्याचं कृषी कार्यालय रोज सकाळी फोन करत होतं.

सुधाकरभाऊंच्या घरी आमचा मुक्काम. त्यांची बायको प्रज्ञा बी.ए. झालेली, गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. दारातच जय भीम झाला, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खुर्च्या आमच्यासाठी पुसून ठेवलेल्या होत्या, आणि पाणी घेतलं नाही तोवर ताट आलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. ठेचा मी चटणी समजून आमच्या सवयीने भाकरीवर पसरला. पुढचा पाव तास मी कोणाशी बोलले नाही. प्रज्ञाने न विचारता दुधाची वाटी पुढे केली आणि तोंड वळवून हसली. मॅडमना वेगळं गरम, मला वेगळं गरम, दर भाकरीला चुलीपर्यंत एक फेरी. मी म्हटलं मी चुलीजवळ येऊन बसते, तर तिने बसू दिलं नाही. पुण्याहून आलेल्या तुम्ही, त्यातून मॅडमबरोबरच्या, म्हणाली. मला संस्थेत कोणी पाणीही आणून देत नाही, मी सगळ्यांना देते. त्या खुर्चीत बसून माझी पाठ अवघडली.

संध्याकाळी प्रज्ञाने आणि तिच्या गटातल्या बायकांनी बोंडं आणली. एका सुपात, स्वच्छ फडक्यावर, फोडून, पाकळ्या उघडून ओळीने मांडलेली. जणू दिवाळीचा फराळ. यंत्र म्हणालं, अळी नाही. मी एकेक बोंड उजेडात धरून पाहिलं. अळी नाही. जुळलं. मॅडमनी सुधाकरभाऊंशी चक्क हात मिळवला.

मला आनंद झाला. पण एक गोष्ट मनात खुपत राहिली, ती मी वहीत लिहिली नाही. तीन वर्षांत मी जितके फोटो पाहिले त्यात वाकडं, डागाळलेलं, अर्धं पिकलेलं, मुंगी बसलेलं असं काहीतरी असायचंच. उंद्रीची वीसच्या वीस बोंडं एका मापाची होती. मी मनात म्हटलं, असेल, या काळ्या मातीचा गुण असेल. आपल्याला काय कळतं.

सुलतानपूर

दुसऱ्या दिवशी सुलतानपूर. लोणारचं सरोवर तिथून जवळ आहे. मॅडम म्हणाल्या वेळ नाही, काम करून परत फिरू. सुधाकरभाऊंनी गाडी न विचारताच तिकडे वळवली. म्हणाले, माझ्या जीपमध्ये बसून लोणार न पाहता गेलेला माणूस पुण्यात जाऊन माझं नाव काय सांगेल? कड्यावर उभं राहून पाहिलं तर एवढं मोठं वाटोळं पाणी आणि त्यात एकही होडी नाही, जाळं नाही. मी विचारलं, मासे कोणते मिळतात? तिथे उभ्या असलेल्या एका म्हातारबाबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. खारं पाणी, पण मासा नाही. मला त्या पाण्याची फार कीव आली.

सुलतानपुरात पातोड्यांचा रस्सा खाल्ला. बेसनाच्या वड्या, तिखट लाल रस्सा. आमच्याकडे बाजारात मासळी नसली की अशा वड्या घालून दिवस काढतात, तिथे पाहुण्यांसाठी मुद्दाम करतात. तिथल्या बोलीचा सूरही उंद्रीपेक्षा थोडा निराळा लागला, जालन्याकडे झुकणारा. ते मला सुधाकरभाऊंनी सांगितलं, मला स्वतःला नसतं कळलं. बायकांनी बोंडं आणली. परातीत, फोडून, पुसून. यंत्र म्हणालं अळी नाही. मीही लिहिलं अळी नाही. परत जुळलं. कार्यालयाचा फोन आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, उद्या तिसरं गाव, परवा सही. गाडीत त्या गाणं गुणगुणत होत्या. तीन वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

पिंपळगाव राजा

पिंपळगाव राजा मोठं गाव. तिथे रशीदभाईंच्या वावरात काम होतं. साठीचे, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, पाच एकर पराटी आणि बसस्टँडजवळ दोरखंड-फावड्यांचं दुकान. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला दुकानातच बसवून चहा पाजला आणि माझ्यासमोर प्लास्टिकच्या चपलांचा जोड ठेवला. म्हणाले, उंद्रीहून खबर आली की आमच्या मातीने पाहुणीची चप्पल घेतली, तर जिल्ह्याची इज्जत राखायला पाहिजे. पैसे घेतले नाहीत.

वावरात वेचणी चालू होती. बायकांच्या कमरेला ओटी बांधलेली, प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे तिने धरलेली ओळ. सगळ्यांत पुढे शेवंताबाई. वय विचारलं तर म्हणाली, कापूस मोजून सांगते, वय मोजलं नाही. रशीदभाईंनी तिला हाक मारून सांगितलं की मॅडमच्या यंत्रासाठी वीस बोंडं आण. मॅडम बांधावर रशीदभाईंशी बोलत बसल्या. मला बसवेना. तीन दिवस बसूनच होते. मी नवीन चपला हातात घेऊन शेवंताबाईच्या मागे पातीत शिरले.

तिने एक बोंड तोडलं, अंगठ्याने दाबून फोडलं, पाहिलं, ओटीत टाकलं. दुसरं फोडलं. त्यात अळी होती. मी तीन वर्षं चौकोनात पकडलेली तीच, गुलाबी, तपकिरी डोक्याची, आणि ही हलत होती. शेवंताबाईने नखाने ती उडवली, बोंड झाडांच्या मुळाशी फेकलं आणि पुढचं तोडलं. त्यातही अळी. तेही फेकलं. मी मोजत राहिले. तिच्या ओटीत चार बोंडं गेली तोवर तिने तीन फेकली होती.

मी विचारलं, हे काऊन टाकून राह्यल्या? तीन दिवसांत माझ्या तोंडात तिथला शब्द बसला होता.

ती थांबली. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलंय, भाकरी तव्यावर का टाकता.

"पाव्हण्याले किडकं देतेत काय वो बाई?"

मला ते लगेच पटलं. आमच्या घरी पाहुणा आला की आई टोपलीतला सगळ्यांत मोठा पापलेट त्याच्यासाठी काढायची आणि आमच्या पानात मोडका बांगडा. पाहुण्याला शहाळं द्यायचं तर बाबा चार नारळ हलवून, कान लावून एक निवडायचे. शेवंताबाईच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. आणि पुण्याहून एवढ्या लांब, कॉम्प्युटर घेऊन आलेली मॅडम. तिच्या सुपात किडकं बोंड ठेवायचं म्हणजे गावाची लाज. उंद्रीच्या प्रज्ञानेही तेच केलं असणार. सुलतानपूरच्या बायकांनीही. तीन गावं, साठ बोंडं, सगळी पाहुण्यांसाठी निवडलेली.

शेवंताबाईने ओटीतली बोंडं परातीत मांडून बांधावर नेऊन ठेवली. यंत्र म्हणालं, अळी नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बोंडं पाहिली. त्या बोंडांत अळी नव्हतीच, तेव्हा मी वहीत खरं तेच लिहिलं, अळी नाही. माझं अक्षर वाकडं आलं.

रशीदभाई म्हणाले, म्हणजे फवारायचं काम वाचलं, आणि पराटी अजून दोन महिने ठेवता येईल. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो पाहून मी वही मिटून टाकली.

रशीदभाईंकडचं जेवण

दुपारी जेवण त्यांच्या घरी. गावरान कोंबडा, ज्वारीची भाकर, कांदा, लिंबू. मॅडम आनंदात होत्या. सिद्धता म्हणजे काय ते त्या रशीदभाईंना सांगत होत्या. परीक्षा घेतली तर एवढंच कळतं की आज चुकलं नाही. सिद्ध केलं तर कळतं की चुकूच शकत नाही. रशीदभाई लक्ष देऊन ऐकत होते आणि म्हणाले की हे आमच्या मौलवीसाहेबांना सांगायला हवं, ते दोन्हीत फरक करत नाहीत.

मी भाकर नुसती मोडत बसले होते. मी सातवी शिकलेली. मॅडमची सहा वर्षं. त्यांनी मला माऊस धरायला शिकवलं, आणि मी त्यांचं काम बुडवायचं? त्यात माझं चुकत असेल तर? आणि बरोबर असेल तर त्या म्हणतील, उंद्रीलाच का नाही सांगितलंत, तुमच्या डोळ्यांना तर दिसलं होतं. गप्प राहिले तर उद्या सही होणार, आणि गावोगावच्या बायका मोबाइलवर पाहुण्यांसारखी बोंडं दाखवणार, आणि यंत्र सगळीकडे अळी नाही म्हणणार, आणि माणसं पराटी तशीच ठेवतील, आत अळी वाढत राहील. मी मॅडमना रजा मागताना जेवढी घाबरते त्यापेक्षा जास्त घाबरले होते.

रशीदभाईंची बायको वाढत होती. तिने मॅडमच्या ताटात तंगडी वाढली, माझ्या ताटात तंगडी वाढली. माझी नजर रशीदभाईंच्या ताटाकडे गेली. त्यांच्या ताटात मान आणि पंखाचं टोक होतं, आणि ते अगदी चवीने ते चोखत होते.

मी म्हटलं, "मॅडम, ती बोंडं पाहुण्यांची आहेत."

मॅडमना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. शेवंताबाईने किती ठेवली, किती टाकली. उंद्रीची एकाच मापाची बोंडं. आईचा पापलेट. बोलताना मी ताटाकडेच बघत होते, आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. उंद्रीला सांगितलं नाही म्हणून माफीही मागितली, दोनदा.

मॅडमचा हात ताटातच राहिला. रशीदभाईंनी कोंबड्याची मान ताटात ठेवली, रुमालाने दाढी पुसली आणि म्हणाले, "बाई खरं बोलून राह्यली. मीच शेवंताले सांगतलं होतं, चांगलं पाहून आन. मेहमान के सामने खराब माल रखना, ये हमसे नहीं होता मॅडम."

मॅडमनी पिशवीतून त्यांची जाड वही काढली, उष्ट्या हाताने नाही, डाव्या हाताने पान उलटलं आणि पहिल्या पानावरची पहिली ओळ मला वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की असं धरून चालू, वीस बोंडं कोणीही न निवडता आणलेली आहेत. पुढची सगळी दोनशे पानं त्या एका ओळीवर उभी होती. त्या म्हणाल्या, ही ओळ मी एका दुपारी लिहिली आणि पुढे गेले. बाकी प्रत्येक ओळ सिद्ध केली, ही फक्त लिहिली. आणि मग त्या हसायला लागल्या. मला वाटलं रडतायत. पण त्या खरंच हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, जगभरच्या लोकांनी ही वही तपासली सुगंधाताई, चार परीक्षकांनी, एकानेही विचारलं नाही की बोंडं कोण तोडणार.

मग त्या मला म्हणाल्या की तंगडी संपवा, थंड होतेय, आणि आपण परत वावरात जाऊ.

परत त्याच वावरात

न निवडता बोंड कसं तोडायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. शेवंताबाई म्हणाली डोळ्यांवर पदर बांधून हात घालते. बांधला. बाकीच्या बायकांनीही बांधले आणि पराटीत धडपडत, एकमेकींना धक्के मारत इतक्या हसल्या की रशीदभाई म्हणाले, माझी पराटी अळी नाही पाडत, तुमीच पाडता. पण मॅडम म्हणाल्या, चालणार नाही, मोठं बोंड हाताला आधी लागतं. हेही एक प्रकारचं निवडणंच. शेवंताबाईने पदर वर करून मॅडमकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाली, "तुमचं काम आमच्याहून किचकट हाय वो."

शेवटी तिनेच तोड काढली. वेचणीला पात धरली की त्या ओळीतलं चांगलं-वाईट सगळं वेचावंच लागतं, तिथे कोणाची निवड चालत नाही. तशीच पात धरायची, दर दहावं झाड, खालून तिसरं बोंड, कसंही असलं तरी. आणि फोडायचं मॅडमच्या समोर. मॅडमनी ते वहीत उतरवून घेतलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं.

वीस बोंडं फोडली. यंत्र म्हणालं, अळी आहे. मी पाहिलं. सहा बोंडांत होती. यंत्राने एकही सोडली नव्हती. म्हणजे मॅडमची दोनशे पानं खरी होती, पहिली ओळ सोडून.

रशीदभाईंनी हिशोब मांडावा तसं बोटांवर सांगितलं: उद्या फवारणी, पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं, आणि या खेपेला पराटी फेब्रुवारीपर्यंत ठेवायची नाही, वेचणी झाली की काढून टाकायची. मग माझ्याकडे वळून म्हणाले, जेवताना सांगितलं ते बरं केलं, उद्या सांगितलं असतं तर फवारायचा पंप मी शेजाऱ्याला देऊन बसलो असतो.

बांधावरूनच मॅडमनी कार्यालयाला फोन लावला. सही होणार नाही म्हणाल्या. अजून एक हंगाम लागेल. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. मॅडम हो, हो म्हणत होत्या. एकदा म्हणाल्या, नाही, प्रोग्राम चुकला नाही, मी चुकले. फोन ठेवल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की जिन्याखालची खोली अजून एक वर्ष आपलीच. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्या म्हणाल्या, सुगंधाताई, उंद्रीला परत जावं लागेल, मग सुलतानपूरला.

पुन्हा उंद्री

मला वाटलं होतं प्रज्ञाला राग येईल. आलाच. आधी ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मग म्हणाली, आम्ही फसवलं नाही मॅडम, आम्ही चांगलं दिलं. मॅडम म्हणाल्या, तेच. तिला हे पटायला थोडा वेळ लागला. मग सुधाकरभाऊ हळूच म्हणाले की आपल्याच वावरातलं आपल्यालाच ठाऊक नसलेलं काय ते एकदाचं पाहू दे, आणि त्यांनीच आधी पात धरली. प्रज्ञा त्यांच्या शेजारच्या ओळीत शिरली. दहावं झाड, खालून तिसरं.

पहिली तीन बोंडं चांगली निघाली. चौथं वाकडं, एका बाजूने काळं पडलेलं. मी पाहत होते. तिने ते तोडलं, क्षणभर हातात धरलं, तिचा हात झाडाच्या मुळाकडे गेला. मग परत आला आणि तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"घ्या," म्हणाली. "हे घरचं हाय."

फोडलं. आत दोन अळ्या होत्या. उंद्रीचंही उत्तर बदललं. प्रज्ञाने ते स्वतः तिच्या गटाच्या वहीत लिहिलं आणि खाली बायकांसाठी सूचना लिहिली, मॅडमची ओळ तिच्या भाषेत: "पाव्हण्याले दाखवाले आनू नका. वावरात जसं हाय तसं आना." मॅडमनी विचारलं की मी ही ओळ माझ्या वहीत घेऊ का. आता यंत्र सुरू केलं की पडद्यावर सगळ्यांत आधी हीच येणार आहे, आणि बोंड मोबाइलसमोरच फोडायला सांगणार आहे.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि भूक लागली होती. खुर्च्या भिंतीलाच होत्या, कोणी पुसल्या नाहीत. प्रज्ञाने टोपलीतल्या सकाळच्या भाकरी काढल्या, वर भुरका घातला, म्हणजे तेलात परतलेलं तिखट, आणि चुलीसमोरच्या जमिनीवर हात मारून मला बसायला जागा दाखवली. मॅडमनाही. गरम करत नाही म्हणाली, जळण संपलंय, आणि तिखट झेपत नसेल तर दूध त्या फडताळात आहे, ज्याचं त्याने घ्या.

मी उठून तिघींसाठी दूध घेतलं.